ढिगाखालची पोकळी

जमिनीवरचा ढीग उपग्रहातून, गुरुत्वाकर्षणावरून तोलता येऊ लागल्यापासून मृणालिनी देवधर आपल्या कंपन्यांचा साठा घरूनच तपासायची. तिची निम्मी बचत एका मँगनीज खाणीच्या शेअर्समध्ये होती. त्या दुपारी खाणीतल्या ढिगाची उंची तेवढीच होती, पण खालच्या जमिनीसकट मोजलं जाणारं वजन मात्र सारखं घटत होतं. म्हणजे खालची जमीन पोकळ होत होती.

शेअर्स विकायचं सोडून तिने खाणीचे व्यवस्थापक डोंगरवार यांना फोन लावला.

"साठा पूर्ण आहे, मॅडम."

"साठ्याचं राहू द्या. ढिगाखाली कोणी काम करतंय?"

"बावीस जण आहेत."

"आधी त्यांना वर काढा. जमीन खचतेय."

तासाभरात ढीग खचला आणि शेअर कोसळला. येरझाऱ्या घालत तिने पुन्हा फोन लावला.

"सगळे वर आले?"

"बावीसच्या बावीस, मॅडम."

तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.