वीस हात दोर

विहिरीच्या काठावर पाच वस्तू होत्या: एक पंचा, एक तांब्या, एक कोरडं धोतर आणि दोन वाळके भोपळे. भोपळे तडकले होते, त्यामुळे तरंगायला पाठीला बांधायच्या कामाचे राहिले नव्हते. सहावी वस्तू, वीस हात दोर, रुक्मिणीबाईच्या हातात होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यात, तिचा नवरा होता.

“ढील देऊ नको!” इंद्रभान देशमुख खालून ओरडला. “पाय खाली जाऊन राह्यले!”

“नाही देत.”

“मंग बोलत राह्य काही. तुहा आवाज आला का धीर येते. वर काय दिसून राह्यलं?”

रुक्मिणीबाईनं मान वर केली. डोणगावहून मेहकरकडे जाणारा रस्ता शेताला लागूनच होता. “दोन बाया चालल्या. एकीच्या डोक्यावर आंब्याची पाटी हाय. दुसरी हासून राह्यली.”

“काऊन?”

“मले काय माहीत! जाऊन इचारू का तिले?”

“इचार,” तो म्हणाला आणि पुन्हा हातपाय झाडू लागला.

एकसष्टचा वैशाख होता. वजन फार वाढलंय, छातीवर ताण येतोय, गुडघे तर चालू देत नाहीत, तेव्हा पोहायला शिका, असं डॉक्टरांनी इंद्रभानला बजावलं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस. लहानपणी मामाकडे पैनगंगेच्या काठी शाळेला होता, पण पाण्यात पाय घालायचा नाही अशी आईची शपथ होती. आता त्या आईलाच, झुंबरबाईला, शपथ मागे घ्यावी लागली. देशमुख दोराला बेडकासारखा लटकलेला गड्यांनी पाहू नये, म्हणून दोर धरायला सून.

देशमुखांच्या बायका उंबरा ओलांडत नसत. लग्न होऊन आल्यापासून रुक्मिणीबाईनं हे गाव पाहिलं ते माहेरी जाता-येता, बैलांच्या दमणीच्या पडद्याच्या फटीतून. स्वयंपाकघराला रस्त्याकडची एक खिडकी होती, ती सासूनं विटा लावून बुजवून घेतली होती. आता रोज सकाळी नवरा स्वतः दमणी हाकत तिला मळ्यात आणी. झुंबरबाईनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “त्याले पोहता आलं का तुहं जाणं बंद.”

म्हणून त्याला पोहता येऊ नये, याची काळजी रुक्मिणीबाई घेत होती.

ते अवघड नव्हतं. त्याचं अंग पाण्यावर आडवं व्हायला लागलं की ती दोराला हळूच एक हिसका देई. लगेच त्याचे पाय बुडत, तो बोंब मारी आणि पायरीला जाऊन चिकटे. नाकातोंडात पाणी मात्र त्याच्या कधी गेलं नाही. तिला तेवढंच बरं वाटे. त्याला त्रास व्हावा, असं तिच्या मनात नव्हतं.

पण काल जेवताना सासूनं निकाल दिला. “म्हशीचं वगारबी आठ दिसात पोहाले लागते. उद्याचा दिवस तू जाय. मंग उकंडराव धरन दोर.” उकंडराव म्हणजे रुक्मिणीबाईचा चुलतदीर. गावातली अर्धी पोरं त्यानं विहिरीत ढकलून पोहायला शिकवली होती.

इंद्रभान मान खाली घालून भाकर चुरत राहिला होता.

“तुमी आत्याबाईले सांगा ना,” आता ती वरून म्हणाली. “म्हना, दोर हिच्याच हाती पाह्यजे.”

“मायच्या पुढं मी कवा बोललो का?”

“मंग कवा बोलसान?”

“येऊ दे उकंड्याले. त्याच्या हातून तं मी बुडतोच.”

म्हणजे याला भीती होती ती स्वतःची. उद्या या वेळी रुक्मिणीबाई चुलीपाशी असेल, विटांच्या खिडकीसमोर. विहिरीला निदान वर आभाळ तरी होतं.

“एस.टी. आली का?” त्यानं विचारलं. रोजच विचारी.

“आली.”

“पाह्य मंग. कोन उतरते सांग.”

ती रस्त्याकडे वळली. एरवी ती दोराचं टोक आधी खुंटाला बांधून घेई. आज बांधलं नव्हतं. विसरले, असं तिला नंतर सांगता आलं असतं. धूळ उडवत गाडी थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला. दोर तिच्या तळहातांतून सरकू लागला. तिनं मुठी आवळल्या नाहीत.

सपकन आवाज झाला. तिनं वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर काहीच नव्हतं, माणूसही नाही आणि दोरही नाही. ती काठावर गुडघे टेकून वाकली. हिरव्या पाण्यावरची वर्तुळं भिंतीला लागून मोडत गेली. मग तीही थांबली.

पलीकडच्या भिंतीशी डोकं वर आलं. दोराचं सुटलेलं टोक त्याच्या दातांत होतं. इंद्रभाननं ते गळ्याभोवती टाकलं, एकदा वर तिच्याकडे पाहिलं, उताणा झाला आणि विहिरीच्या कडेकडेनं पोहत निघाला. पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. बऱ्याच वेळानं पायऱ्या चढून तो वर आला आणि टोक त्यानं तिच्यापुढे धरलं.

“धर. घरी सांगजो, आजबी जमलं नाही. उद्या उकंड्याच्या हातून बुडतो, मंग माय तुलेच धाडन.”

रुक्मिणीबाईनं फेऱ्या मोजल्या होत्या. अकरा. भिंतीला एकदाही हात न लावता.