मूळ स्वरूप

स्टेशनचं शंभर वर्षांचं लोखंडी छप्पर आम्ही खरवडलं, गंज काढला, सडलेले रिव्हेट बदलले आणि बरोब्बर स्टेशनमास्तरांच्या टेबलावर गळणारं भोकही बुजवलं. मास्तरांची अख्खी नोकरी छत्रीखाली गेली होती. ते इतके खूश झाले, की त्यांनी छत्री हमालाला देऊन टाकली.

मग वारसा समितीच्या बाई जुना फोटो घेऊन तपासणीला आल्या.

"फोटोत टेबलावर पाणी साचलंय. इथे कोरडं कसं?"

"बाई, तेव्हा छप्पर गळायचं," मी म्हणालो.

"मग गळू दे. मूळ स्वरूप म्हणजे मूळ स्वरूप. नाहीतर माझी सही नाही."

सहीशिवाय स्टेशन उघडणार नव्हतं. आम्ही फोटो समोर धरून ड्रिलने भोक पाडलं आणि खात्रीसाठी वरून पाइपने पाणी सोडलं. पहिला थेंब थेट मास्तरांच्या टकलावर आला.

मास्तर रडकुंडीला आले. "भोक राहू द्या, बाई. मी हमालाकडून छत्री परत आणतो. मग तर झालं?"

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखला.

 

"नाही जमणार हो. फोटोतले मास्तर भिजलेत."