मागचे डावे चाक

गाडीची चाके बदलून घेतल्यापासून प्राध्यापकांना दर शनिवारी पडद्यावर एकच इशारा दिसे: मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. दर शनिवारी ते गॅरेजात येत. मिस्त्री चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवी आणि एकही बुडबुडा वर येत नसे. व्हॉल्व्ह बदलून झाला, सेन्सरही बदलून झाला.

"सर, गाडीला बाहेरची बाधा झालीय बघा," पाचव्या शनिवारी मिस्त्री वैतागून म्हणाला.

"हवा कारणाशिवाय जात नसते. बाधा तुझ्या डोक्याला झालीय," निवृत्त प्राध्यापक खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "नीट शोध. मला कसलीही घाई नाही."

गाडीचे माहितीपुस्तक एकदा पाहावे म्हणून मिस्त्रीने स्टिअरिंगशेजारचा कप्पा उघडला. आत आखीव रकान्यांची एक वही होती. प्रत्येक शुक्रवारपुढे सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'मागचे डावे चाक. हवा सोडली, वीस सेकंद. इशारा आला.' शेजारच्या रकान्याला शीर्षक दिले होते: 'संभाषण, मिनिटे.' रविवारपासून शुक्रवारपर्यंत रोज शून्य होते. शनिवारपुढे चाळीस.

मिस्त्रीने वही होती तशी ठेवली आणि कप्पा आवाज न करता लावला.

"काय रे, सापडलं का काही?" प्राध्यापकांनी बसल्या जागेवरून विचारले.

"नाही ना, सर. प्रकरण अवघड दिसतंय," तो जॅक ओढत म्हणाला. "आज चारही चाकं उतरवावी लागणार."