बाहेर कळता कामा नये

दुसऱ्या मशीनवरचं माहितीचं ओझं निम्मं उतरलं होतं, तेवढ्यात आजीचा फोन आला. पोरानं घसा खाकरला, हनुवटी छातीला टेकवली आणि बापाचा आवाज लावला.

"बोल गं आई."

"जेवलास का बाळा?"

"जेवलो."

"टाके दुखतात अजून?"

"नाही गं."

"लपवू नकोस. तुझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिच्याकडून काढून घेईन मी."

पोराला हसू आलं नाही. नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही, ही गोष्ट त्याच बाईनं, म्हणजे पोराच्या आईनं, सासूपासून दाबून ठेवली होती. म्हातारीचं काळीज तोळामासा. एकुलता एक मुलगा गेला हे कानावर पडलं तर तिथंच संपेल, हे काय डॉक्टरनं सांगायला हवं? पोराचा आवाज हुबेहूब बापासारखा. तेव्हापासून रोजचा फोन त्याच्या गळ्यात.

"मावशी कशी आहे?" त्यानं विचारलं. आजीची ही धाकटी बहीण तिच्याजवळच राहायची, आणि बाप न चुकता तिची विचारपूस करायचा.

"तिला काय धाड भरलीय? बसलीय कोपऱ्यात." मग आजीचा बसलेला आवाज आणखी बसला. "माझा जीव टांगणीला लागलाय रे. कधी बरा होणार तू?"

रोज तेच ऐकून पोराचाही जीव मेटाकुटीला आला होता. निदान एवढी तरी काळजी मिटू दे म्हणून तो बोलून गेला, "झालो की. डॉक्टर आजच म्हणाले, ठणठणीत आहेस."

"अगदी ठणठणीत?"

"दगड फोडायला सांग."

"बरं," आजी म्हणाली आणि फोन ठेवला. नीट जा, नीट ये, काही म्हणाली नाही.

"अजून सांगितलं नाही वाटतं?" मुकादमानं विचारलं. तो काही खरा मुकादम नव्हता, खोलीतला वरचा साहेब होता. पण चहाला गेलेल्यांची डोकी मोजायचा म्हणून नाव पडलेलं.

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुझं घर म्हणजे आपली ही खोलीच झाली की. एक मशीन बंद, दुसरं त्याच्या जागी बोलतंय, गिऱ्हाईक खूश."

"खूश कुठली? रोज रडते."

पोराच्या अंगात बापाचं स्वेटर होतं. बाप याच गार खोलीत राबला. मोठ्या दवाखान्याचं तळघर ते. सगळे एक्सरे, सगळे रिपोर्ट, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, सारं या तीन कॉम्प्युटर मशीनवर. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवलेली. एखादं मशीन दुरुस्तीला काढायचं तर आधी त्याचं ओझं बाकीच्या दोघांवर सरकवायचं, आणि पार रिकामं झालं की मगच त्याला हात लावायचा. वर डॉक्टरनं बटण दाबलं की एक्सरे दिसला पाहिजे. कुठल्या मशीननं दिला, त्याला काय करायचंय? बाहेर कळता कामा नये, बाप म्हणायचा. कळलं तर आपण काम केलं नाही, घाण केली.

दुसरं मशीन रिकामं झालं. पोरानं ते बंद केलं, झिजलेल्या डिस्क उपसल्या, नव्या बसवायला घेतल्या. हात चालत होते आणि डोक्यात आजी. किती बदलली होती म्हातारी! पूर्वी फोन मावशीच उचलायची, खणखणीत आवाजात साऱ्या गल्लीची खबर द्यायची, मग बहिणीच्या हातात द्यायची. आणि आजी पहिला शब्द काय बोलायची, तर "गाढवा". आता फोन आजीच उचलते आणि बाळा बाळा करते. मुलाच्या आजारपणानं जीभ मऊ झाली असेल. तिकडं होतंच कोण? दोघी बहिणी आणि एक बटणांचा फोन. पोराची आईही तिकडं जाणं टाळत होती. चेहरा कसा लपवणार?

"अरे, तिसरं बघ!" मुकादम ओरडला.

तिसऱ्या मशीनचा दिवा पिवळा झाला होता. दुसरं उघडं पडलेलं, तिसरं आजारी. ते गेलं असतं तर सगळा भार एकट्या पहिल्यावर, आणि त्यानंही मान टाकली असती तर काहीच पुन्हा दिसलं नसतं.

नेमका फोन वाजला. पुन्हा आजी.

"घे, मी बघतो."

"थांबा हो. आत्ता नाही."

फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला. पोरानं नव्या डिस्क बसवल्या, दुसरं मशीन चालू केलं, ओझं जपून माघारी सरकवायला लागला. मुकादम पिवळ्या दिव्याकडं असा बघत होता, जणू नजर हलली की विझेल. वर कुणाचातरी एक्सरे उघडला. कुणाचातरी रिपोर्ट छापला गेला. कुणाला काही कळलं नाही.

भार हलका झाला तसा तिसऱ्याचा दिवा हिरवा झाला.

"बापाचं नाव राखलंस," मुकादम म्हणाला आणि डोळे पुसत चहाला निघून गेला.

पोर जमिनीवरच बसला. घसा खाकरला, हनुवटी छातीला टेकवली, फोन लावला.

"बोल गं आई. कामात होतो."

"बसलायस का?"

"बसलोय. काय झालं?"

"ऑपरेशनच्या माणसाला धक्का नको म्हणून इतके दिवस तोंड दाबून बसले रे. तुझ्या बायकोलाही कळू दिलं नाही. आता तू ठणठणीत आहेस, आता माझ्यानं नाही ओढवत." आवाजातली बसकी खरखर एकाएकी गळून पडली. मागं उरला तो जुना, साऱ्या गल्लीची खबर देणारा खणखणीत आवाज, रडून फाटलेला. "बाळा, मी तुझी आई नाही. मावशी बोलतेय. तुझं ऑपरेशन झालं ना, त्याच्या आदल्या दिवशीच ताई गेली."