पर्समध्ये काय ठेवायचं

“हे मारलं तर डोळा जातो का हो?” सासूबाईंनी विचारलं.

दुकानदाराने मिरचीच्या फवाऱ्याची बोटाएवढी काळी डबी काउंटरवर उभी केली. “जात नाही, काकू. तासभर आग आग होते, काही दिसत नाही. मग उतरतं.”

“आणि समोरच्याला दमा असला तर?”

दुकानदार सुनेकडे बघून हसला. “या तर त्याच्याच बाजूच्या दिसतात.”

सूनही हसली. सासूबाई मात्र कानापर्यंत लाल झाल्या. घरातली मुलगी हत्यार निवडतेय आणि आपण शेजारी उभं राहून बघतोय, असं काही आयुष्यात करावं लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सासूबाईंच्या मुलाने बायकोला सरळ सांगितलं होतं, सोमवारपासून पर्समध्ये काहीतरी ठेव, नाहीतर नोकरी सोड. नोकरी कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. मेणाचे दात कोरण्यात तिचा हात धरणारा तिथे दुसरा कोणी नव्हता.

“दिवसभर दातांतच असता, मग चावा की कडकडून,” नोकरीचं ऐकून दुकानदार म्हणाला आणि त्याने घडीचा चाकू पुढे केला.

“चाकू नको,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “ही शिट्टी बघ. गळ्यात घालायची. फुंकली की चार माणसं धावून येतात.”

“येतात आणि मोबाईलवर शूटिंग करतात, आई.” सुनेने डबी उचलली, झाकण उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. “हीच द्या.”

घरी परत जाताना सुनेने सगळं पुन्हा एकदा सांगितलं. कारखान्यातून निघालं की बागेपर्यंत मागे पावलं वाजायची. गुडघ्यापर्यंत कोट, कानटोपी, तोंडावर मफलर. बाकावर बसलं की तो कुंपणापलीकडच्या झाडाआड उभा राहायचा. काही बोलायचा नाही, जवळ यायचा नाही.

“त्याचीच जास्त भीती वाटते,” ती म्हणाली. “शिट्टी मारणारा परवडला. हा नुसता बघतो.”

सासूबाई जिन्यात दोनदा थांबल्या. “तीन दिवसांत दिसला नाही ना? मग गेला असेल. कशाला ते जवळ बाळगायचं?”

“गेला कसा? खूण ठेवून गेलाय.” सुनेने पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक बटण काढलं. तपकिरी, शिंगाचं, मधोमध पिवळी रेघ. “कुंपणाच्या तारेपाशी पडलं होतं. तुम्हाला बटणांतलं कळतं, बघा ना.”

सासूबाईंचं सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. त्यांनी बटण चष्म्याजवळ नेलं, उलटसुलट केलं.

“जुनं आहे. हल्ली मिळत नाही असलं. राहू दे माझ्याकडे, विचारते बाजारात.”

“नको, पोलिसांना दाखवायला लागलं तर?” सुनेने ते परत घेतलं.

जेवताना मुलाने विचारलं, “पण तू बागेत बसतेसच कशाला? पाचला सुटून घरी यायला साडेसहा?”

“असंच. अर्धा तास. कोणी हाक मारत नाही तिथे.”

सासूबाईंचा घास तोंडातच फिरत राहिला. साडेसहाचा हिशेब महिन्याभरापूर्वी त्यांनीच मुलाच्या कानावर घातला होता. ‘वाट वाकडी करून जाते कुठं, ते बघ जरा’ असंही म्हणाल्या होत्या. तो त्यांच्यावरच खेकसला होता. आणि ती जात होती ती एका रिकाम्या बाकावर बसायला.

“मी नसले की घर सांभाळणं तुलाच आहे,” त्या सुनेला म्हणाल्या. “नोकरी सोडू नकोस हां. मी सांगते त्याला.”

सुनेने चमकून पाहिलं. इतकं गोड त्या सहसा बोलत नसत.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वाचनालयातले ग्रंथपाल, हात काखेत खुपसून उभे.

“उद्या या म्हणाला होतात, पण गारठा सोसेना, मावशी. झालं का अस्तर?”

“उद्याच न्या ना. इस्त्री राहिलीय.”

“चुरगळलेलाच द्या. मी तरी कुठं कडक इस्त्रीचा आहे?”

सासूबाई कपाटापाशी बराच वेळ रेंगाळल्या. शेवटी कोट घेऊन आल्या. ग्रंथपालांनी तो तिथेच अंगात चढवला आणि वरपासून बटणं लावत आले.

“हे तिसरं वेगळं दिसतंय हो. बाकीची शिंगाची आहेत.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून बाहेर आली. तिने कोट खालपर्यंत पाहिला, खुंटीवरची पर्स काढली आणि आतलं बटण कोटावरच्या बटणाला लावून धरलं. तीच पिवळी रेघ.

“अहो, हाच तो,” ती नवऱ्याला म्हणाली.

मुलाने धावत येऊन ग्रंथपालांची कॉलर धरली, त्यांना भिंतीला टेकवलं. “झाडामागे उभा राहतोस होय?”

“कुठलं झाड? मावशी, हे काय चाललंय? सांगा ना यांना!”

डबीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. सुनेचा नेम थेट ग्रंथपालांच्या डोळ्यांवर होता.

“आई, बाजूला हो!” मुलगा ओरडला.

सासूबाई बाजूला झाल्या नाहीत. त्या सून आणि ग्रंथपाल यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला.

“इकडे मार,” त्या सुनेला म्हणाल्या. “कोट दोन आठवडे माझ्याच कपाटात होता.”