वाचलेली वीस मिनिटं

भाताच्या रोवणीच्या कामात वेळ कुठे वाया जातो, असं शेतावरच्या नव्या मॅनेजरनं विचारलं, तेव्हा तुलसानंच सांगितलं होतं, पाणी प्यायला लांबच्या हातपंपापर्यंत जाण्यात. आज बांधावर पाण्याची कॅन आली, प्रत्येकीला जागेवरच ग्लास मिळू लागला, आणि दुपारपर्यंत एकीचीही पाठ सरळ झाली नाही. हातपंपापर्यंतचं ते चालणं हाच बायांचा विसावा होता, हे तुलसाला तेव्हा सुचलंच नव्हतं. "तुले कोनं सांगतलं होतं वो शहानपन कराले?" शेजारी वाकलेली रविता करवादली. मॅनेजरनं मात्र सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "मावशी, वीस मिनिटं वाचली! अजून कुठे वेळ जातो?" चिखलातल्या बाया तुलसाकडे बघू लागल्या. लघवीच्या निमित्तानं त्या पलीकडच्या पळसांमागे जात, तिथंच घटकाभर टेकत. तुलसानं कमरेवरचा हात काढला. "कुठीच नाही जात, साहेब," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.