वहिनीचा दगड

छिन्नी घसरली, ते धाकट्याला आवाजावरूनच कळलं. नीट बसलेली छिन्नी टण् वाजते. ही खर्रकन गेली. त्यानं फुंकर मारून भुकटी उडवली. वहिनीच्या नावाचं पहिलं अक्षर जिथे यायचं, तिथून आडवी, अर्धं पेर खोल खाच पडली होती. तोंडाला दारूचा वास होता. तो त्याला स्वतःलाच आला.

दगड वहिनीनं निवडलेला. पाथरवट भावांच्या त्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं भिंतीलगत आडवा पडून होता. त्याच्यावर बसून ती दोघांना चहा ओतून द्यायची. आजार बळावला तेव्हा म्हणाली, "माझ्या कबरीवर हाच ठेवा. इतकी वर्षं मी त्याच्यावर बसले, आता त्याची पाळी." दादा तेव्हा हसला नाही. ती गेल्यावर मात्र ते आठवून एकटाच हसायचा आणि मग डोळे पुसायचा.

गिऱ्हाइकांची कामं उरकली की तो तिच्या दगडाला हात घाली. चारी कडांना त्यानं द्राक्षवेल कोरली. एका पानाच्या शिरा दुसऱ्यासारख्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून असं काम झालं नव्हतं. मधली जागा तेवढी कोरी ठेवली.

"नाव तू कोरायचं," तो धाकट्याला म्हणाला. "तिनं सांगून ठेवलंय."

धाकट्याचं अक्षर सुरेख होतं, हे खरं. दारू सोडतो असं त्यानं वहिनीला तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, हेही खरं. पण त्या दिवशी सकाळपासून हात कापत होते. थोडी घेतली तर थांबतील, असं वाटलं.

दादा जेवून परत आला. खाचेतून त्यानं सावकाश बोट फिरवलं.

"भुकटी आणि राळ भरतो," धाकटा म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

"दोन पावसाळे. मग खपली पडते. किती पडलेल्या बघितल्यात आपण."

"मग दुसरा दगड घेऊ."

"दुसऱ्यावर ती बसली होती का?"

दादानं हात पुढे केला आणि छिन्नी काढून घेतली. "घरी जा," म्हणाला. एवढंच. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

धाकट्याची खोली रस्त्यापलीकडेच होती. तो दार लावून पडून राहिला. चूक असती तर माफी मागितली असती. हे पाप होतं, आणि ते करून झालं होतं.

वहिनी असती तर एव्हाना आली असती. पूर्वी तो गुत्त्याच्या पायरीवर पडलेला असायचा, तेव्हा ती लांबून हाक मारायची नाही. येऊन त्याच पायरीवर शेजारी बसायची. येणारेजाणारे खिदळायचे.

"वहिनी, लोक बघतायत. जा तुम्ही."

"बघू देत. देव तरी वरून हाका मारत बसला का, भावजी? खालीच आला ना आपल्यात. पाय थरथरायचे थांबले की सांगा, तोवर बसू."

घरी जेवणाआधी प्रार्थना करताना ती आधी भावजी परत आल्याबद्दल आभार मानायची, मग अन्नाबद्दल. "अन्न गार होतंय, त्याचे आभार आधी मान," असं दादा म्हणायचा. तिनं क्रम कधी बदलला नाही.

आठवडाभर पलीकडून हातोडीचे घाव ऐकू येत राहिले. शेवटी न राहवून धाकट्यानं फाटकातून डोकावलं. दादा दगडावर वाकून द्राक्षवेलीची पानं तोडत होता. एकेक पान, एकेक ढलपी. केवढ्या मायेनं कोरलेली वेल. तिच्या नावाचा दगड आता तो डोळ्यांसमोर ठेवणार नव्हता, आणि कुणामुळे, हे विचारायची गरज नव्हती.

धाकट्यानं पिशवी भरली. घावांचा आवाज बंद झाला, त्यानंतर दोन दिवसांनी तो कारखान्याची किल्ली परत द्यायला गेला.

दादा जमिनीवर बसला होता. केस, भुवया भुकटीनं पांढऱ्या. दगड समोर आडवा होता, ओल्या गोणपाटाखाली झाकलेला.

"ही किल्ली," धाकटा म्हणाला.

दादानं किल्लीकडे बघितलं नाही. डोळे मिटले. "प्रभू, हा आला, त्याबद्दल तुझे आभार," म्हणाला. मग शेजारचा चहाचा पेला पुढे सरकवला. "आता चहाबद्दल. बस."

धाकटा बसला. दादानं त्याच्या हातात छिन्नी दिली.

"नाव राहिलंय."

"माझे हात कापतायत, दादा."

"थांबतील. तोवर बसू."

"पण ती खाच..."

दादानं गोणपाट ओढलं. "हात फिरव."

धाकट्यानं तळवा टेकवला. वेल नव्हती, एक पानसुद्धा नव्हतं. दगड या कडेपासून त्या कडेपर्यंत पाण्यासारखा सपाट होता. खाच बोटांना लागेना. त्यानं पुन्हा फिरवला, पहिल्या अक्षराच्या जागी नखानं चाचपून बघितलं.

"कशानं भरलीस?"

"भरली नाही," दादा म्हणाला. "तिचा तळ होता तिथेच आहे. बाकीचा सगळा दगड मी तिच्यापर्यंत खाली आणला."